भिंगकाकांची नितळ पारी

बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून उभी हयात घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर घरी पाठवू नये, असा एखादा कायदा असायला हवा होता. तो नसल्यामुळे काका निरोपाचा हार गळ्यात घालून सरळ घरीच आले आणि दुसऱ्या दिवसापासून घर तपासायला लागले.

कारखान्यात त्यांचं काम साधं होतं. पट्ट्यावरून काचेच्या बाटल्या येत, पट्ट्यामागे पांढरा दिवा असे, आणि काका त्या उजेडात बाटली बघत. बुडबुडा, चरा, केसाएवढी रेघ, काहीही दिसलं की बाटलीची मान दोन बोटांत धरून ती शेजारच्या पिंपात टाकायची. टाकताना ते दर वेळी "नापास" म्हणत. मशीनच्या आवाजात ते कुणालाही ऐकू जायचं नाही, पण म्हटल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. फुटलेली काच पुन्हा भट्टीत जाई, वितळे आणि नवी बाटली होऊन परत येई. म्हणजे नापास केल्याने कुणाचं काही बिघडत नाही, उलट कल्याणच होतं, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. तीच समजूत ते रोज संध्याकाळी डब्याबरोबर घरी आणत. घरात भट्टी नाही, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

'भिंग' हे नाव त्यांना इमारतीतल्या लोकांनी दिलं. कुणी नवा सोफा घेतला की काका अभिनंदन करायला जात आणि सोफ्याची कुठली शिवण तिरकी गेलीय ते दाखवून येत. रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरला त्यांनी त्याच्याच यंत्राच्या नळीला पडलेली चीर दाखवली होती. रुमालाची घडी, उशीचा अभ्रा, भिंतीवरचं कॅलेंडर, शेजाऱ्याच्या बाळाचे कान, काहीच त्यांच्या नजरेतून सुटत नसे. बरं, यात त्यांचा काडीचाही दुष्टपणा नव्हता. दुष्ट माणूस निदान तुमचं वाईट चिंतायला वेळ काढतो. काकांना तेवढीही सवड नव्हती. त्यांना फक्त खोट दिसायची आणि दिसली की ती सांगायची, एवढंच.

काकू टेलिफोन ऑफिसात नोकरीला होत्या. ज्यांना एकमेकांशी बोलायचं आहे त्यांना जोडून द्यायचं आणि आपण मधून बाजूला व्हायचं, हे त्यांना हाताच्या सवयीने जमे. कानाशी कुणी फार ओरडायला लागलं तर रिसीव्हर किती लांब धरावा, हेही त्या तिथेच शिकल्या. त्या विद्येवर त्यांचा संसार टिकला.

मुलगी एकुलती एक. तिच्या अंगात मात्र ही विद्या आपोआप उतरली नाही. लहानपणी तिने कागदावर सूर्य काढून बापाला दाखवला, तर काका म्हणाले, "खालून चेपलाय." तिने तो पुसून पुन्हा काढला. पुन्हा चेपला. तिसऱ्यांदा तिने घर काढलं, झाड काढलं, नदी काढली आणि आकाश कोरं ठेवलं. काकांनी ते बघून सूर्य राहिलाय म्हणून सांगितलं.

मोठी झाल्यावर तिला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून ती आईबापांना एका मोठ्या हॉटेलात डिमसम खायला घेऊन गेली. दक्षिण चीनमधल्या कँटनकडच्या लोकांचे हे वाफवलेले घास तिला भारी आवडायचे, त्यातही कोळंबीचे, ज्यांना हा-गाऊ म्हणतात. पांढरी पातळ पारी, आत गुलाबी कोळंबी, आणि पारी इतकी नितळ की आतलं सारण बाहेरून दिसावं. बांबूची करंडी टेबलावर आली, झाकण निघालं, वाफ वर गेली. पोरीने खायच्या काड्या उचलल्या आणि तेवढ्यात काकांना एका डिमसमची पारी कडेला जराशी फाटलेली दिसली. त्यांनी वेटरला बोलावलं आणि करंडी परत पाठवली. दुसरी आली, तीही परत गेली. तिसऱ्या खेपेला करंडी न येता मॅनेजर आला. तिघंही नुसता चहा पिऊन घरी परतली. रस्ताभर मुलगी एक शब्द बोलली नाही. तिला आपलं म्हणणं पटलं, असा काकांनी त्याचा अर्थ घेतला.

पुढे तिने एका मुलाला घरी आणलं. तो गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांच्या शेजारी शांतपणे बसून राहायचं, हाच त्याचा धंदा. असा माणूस या घराला देवाने खास निवडून पाठवला होता म्हणायला हरकत नव्हती. काकांनी त्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. उजेड तिकडे बरा होता. थोडा वेळ बघितल्यावर ते म्हणाले, "डावा खांदा पडलाय तुमचा. आणि बोलताना एक डोळा जरा मागे राहतो."

"हो," तो हसून म्हणाला, "लहानपणापासून आहे."

"म्हणजे दुरुस्त होण्यातलं नाही," असं म्हणून काकांनी मुलीकडे पाहिलं. "बघ बाई. नंतर बदलून मिळत नाही."

मुलीने त्याच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, साक्षीदार म्हणून सही करायला मैत्रिणी नेल्या आणि बापाला कळवलं नाही. त्याला तीन वर्षं झाली. ती आईला फोन करायची, आई रिसीव्हर हातात धरून काकांकडे बघायची, आणि काका टीव्हीवरच्या बातमीदाराच्या टायची गाठ कशी चुकलीय ते बघत बसायचे.

मग एक दिवस काकूंनी फोन ठेवला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. जावयांना परदेशात काम मिळालं होतं. महिनाअखेरीला दोघं कायमची निघणार होती.

"रविवारी जेवायला येताहेत दोघं," काकू म्हणाल्या. "मी बोलावलंय. तिची एकच अट आहे. बाबांनी नावं ठेवायची नाहीत. कशालाच."

"मी कधी नावं ठेवतो?" काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.  काका खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "स्वयंपाक मी करतो. कोळंबीचे डिमसम करतो. तिला आवडायचे ते."

काकूंना रडावं की हसावं ते कळेना. चहात साखर किती पडली हे सांगण्यापलीकडे या माणसाचा स्वयंपाकघराशी संबंध नव्हता. पण त्यांना त्यामागचं समजलं. 'माझं चुकलं' हे दोन शब्द काकांच्या तोंडातून आजवर बाहेर पडले नव्हते आणि पडतील अशी लक्षणंही नव्हती. त्याऐवजी माणूस जर पीठ मळायला तयार असेल, तर मळू दे बापडा, असं त्यांनी ठरवलं.

मग काय विचारता! बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून गव्हाचं स्टार्च आणि टॅपिओकाचं पीठ आलं. दुकानदाराला पिशवीचं तोंड वाकडं शिवल्याचं सांगून झालं. बांबूची करंडी आली, तिच्या विणीतली चूक सापडली, ती बदलून आली, तिच्यातही सापडली. काकूंच्या स्वयंपाकघराचा ताबा गेला. त्या ऑफिसातून आल्या की काका ॲप्रन बांधून ओट्याशी उभे असत आणि डोळ्यांवर तो जाड काचांचा चष्मा असे, जो ते कारखान्यात लावत.

खरं सांगायचं तर त्यांनी काम मन लावून शिकून घेतलं. पिठावर कढत पाणी ओतून उकड काढायची, झाकून ठेवायची, मग तेलाचा हात लावून लोण्यासारखी होईपर्यंत मळायची. कोळंबी मीठ आणि सोडा चोळून थंड पाण्याखाली धरायची, म्हणजे दाताखाली ती कुरकुरीत लागते. मग ती पुसून कोरडी करायची, थोडी चिरायची, थोडी अख्खी ठेवायची, त्यात बांबूचे कोंब, तिळाचं तेल, पांढरी मिरी, चिमूटभर साखर आणि चवीपुरतं मीठ. सोया सॉस मुळीच नाही, कारण त्याने सारण काळवंडतं आणि पारीतून ते दिसतं. उकडीची गोळी रुंद सुरीच्या पात्याखाली दाबून पारी करायची, तिला एकाच बाजूने चुण्या घालत पोटात सारण घेऊन मिटायचं. काकांच्या चुण्या छापल्यासारख्या यायच्या. बाटलीच्या मानेवरचे झाकणाचे आटे तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे हात होते ते.

घोडं अडलं ते नितळपणापाशी. काका करंडीचं झाकण काढत, वाफ नीट निवायच्या आत काड्यांनी एक डिमसम उचलत, ट्यूबलाइटसमोर धरत आणि डोळा बारीक करत. पारी धुरकट, दुधी. पलीकडचं काही दिसत नसे.

"नापास."

अख्खी करंडी ताटलीत उपडी होई आणि ताटली समोरच्या दारी जाई. समोर शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहायच्या, एकट्याच. त्यांचे ते दिवस मोठे सुखाचे गेले. मशीन थांबवून त्या दार उघडत, ताटली घेत आणि संध्याकाळी रिकामी परत आणून देत.

"काका, काय सुंदर करता हो! अगदी काचेसारखे. आतली कोळंबी मोजून घ्यावी!"

काका मान हलवत आणि दार लागल्यावर काकूंना म्हणत, "दिवसभर सुईत दोरा ओवून ओवून बाईंची नजर गेलीय. दगडाला काच म्हणतात."

मग ते पिठाचं प्रमाण बदलत. पाणी आणखी कढत घेत. पारी आणखी पातळ करत, इतकी की ती सारणाच्या भाराने फाटे, आणि मग ती फाटली म्हणून नापास. एकदा त्यांनी ट्यूबलाइट बदलून बघितली. काकूंनी हात टेकले.

"अहो, एखादा खाऊन तरी बघा."

"नापास माल तपासनीस खात नसतो," काका म्हणाले. आयुष्यात त्यांनी कारखान्यातल्या एकाही बाटलीतून पाणी प्यायलं नव्हतं. बाटली कशासाठी असते, हा प्रश्न त्यांच्या खात्याकडे नव्हता.

रविवार उजाडला तसे काका घाबरले. हे त्यांना स्वतःलाही नवीन होतं. दाढी करताना हनुवटीवर बारीकसं कापलं. आरशात बघून त्यांनी दोनतीनदा म्हणून पाहिलं, "आलीस? बस." आवाज फार कोरडा येत होता. मग त्यांनी "आलीस का गं? बस, बस," असं करून बघितलं, ते तर परक्या माणसासारखं वाटलं. शेवटी पहिलंच कायम केलं. पोर दूर चाललीय, परत कधी दिसेल कोण जाणे, आणि आज एक करंडी, फक्त एक करंडी निर्दोष निघायला हवी. ती टेबलावर ठेवली की तिला सगळं समजेल, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती मनापासून होती.

सारण कालवत असतानाच बेल वाजली. दोघं ठरल्यापेक्षा लवकर आली होती. काका तसेच, ओल्या हाताने, बाहेर गेले.

मुलगी दारात उभी होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. एक चप्पल टाचेला झिजलेली. कुर्त्याचा एक कोपरा इस्त्री करताना दुमडलेला. तिच्या मागे जावई, शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं, आणि खांदा, तो खांदा अजून तिथेच. काकांच्या जिभेवर सगळं रांगेने येऊन उभं राहिलं. काकू श्वास धरून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आलीस?" काका म्हणाले. "बस."

आणि ते तडक स्वयंपाकघरात पळाले. काकूंनी श्वास सोडला. मुलगीही थोडी हसली. तीन वर्षांचा अबोला मिटणं एवढं सोपं असेल, असं तिलाही वाटलं नसावं.

आत काकांनी पहिली करंडी चढवली. बाहेरून बोलण्याचा आवाज येत होता. जावई एका शिकाऊ बाईची गोष्ट सांगत होता. तिला गाडी मागे घेता येत नव्हती, म्हणून ती सगळ्या गावाला वळसा घालून पुढूनच घरी जायची. काकू खळखळून हसल्या. हे हसणं काकांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्यांनी झाकण काढलं, एक उचलला, ट्यूबलाइटसमोर धरला.

धुरकट.

"नापास," ते पुटपुटले, आणि करंडी मागच्या ओट्यावरच्या ताटलीत रिकामी करून त्यांनी दुसरी चढवली. दुसरीही तशीच. तीही त्याच ताटलीत. बाहेर आता गोष्टी संपत आल्या होत्या. जावई "घाई नाही आई, होऊ दे निवांत," म्हणत होता, पण त्याच्या पोटातली गुरगुर आतपर्यंत ऐकू आली. काका घामाघूम झाले. तिसऱ्या करंडीच्या पाऱ्या त्यांनी श्वास रोखून दाबल्या.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, मदत करू?"

"नको. तू बस." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी दिसलं असतं.

"वास किती छान येतोय." तिची नजर ताटलीकडे गेली. "एवढे झालेत की. घेऊन जाऊ?"

"ते नापास आहेत. चांगले निघताहेत आता."

"मला नापास चालतात, बाबा."

"तुला?" काका एकदम म्हणाले. "नाही. तुला नाही."

त्यांना म्हणायचं होतं ते फार मोठं होतं. माझ्या पोरीच्या पानात खोट असलेली वस्तू मी पडू देणार नाही, असं काहीतरी. पण बाहेर आलं ते एवढंच, आणि तेही करंडीकडे तोंड करून, मशीनसारख्या कोरड्या आवाजात. मुलगी परत गेली.

काकूंनी हे ऐकलं आणि त्यांचा संयम संपला. त्या तरातरा आत आल्या, मागच्या ओट्यावरची ताटली उचलली आणि बाहेर गेल्या. काकांना पत्ताच लागला नाही. ते तिसऱ्या करंडीच्या झाकणावर हात ठेवून उभे होते, भट्टीसमोर उभं राहावं तसे.

"छान झालेत, बाबा!" बाहेरून मुलीची हाक आली.

काकांना आधी ती हाक गोड वाटली. काय छान झालंय, हा विचार मागून आला. त्यांनी मागे पाहिलं तर ताटली नाही. काड्या हातात तशाच धरून ते बाहेर धावले. टेबलावर ताटली होती, मुलीचा घास तोंडात होता आणि जावयाच्या काट्यावर दुसरा डिमसम अर्ध्या वाटेवर होता.

"थांबा! तो नापास माल आहे!"

त्यांनी ताटली ओढून घेतली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण जावयाच्या काट्यावरचाही त्यांनी काड्यांनी अलगद काढून घेतला, पट्ट्यावरची बाटली काढावी तसा. जावयाचा आ वासलेला तसाच राहिला.

"डोळे मिटून खाताय होय? एवढं धुरकट आहे ते दिसत नाही?" काकांचा आवाज चढला. सकाळपासून गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "याचं ठीक आहे, याला मुळात एका डोळ्याने... पण तू तरी..."

ते थांबले, पण उशीर झाला होता. काकूंनी कपाळाला हात लावला.

"याला काय, बाबा?" मुलीने विचारलं. ती चिडून बोलली नाही, अगदी हळू बोलली.

 काका ताटली घेऊन आत गेले. संकटात सापडलेला माणूस आपल्या कामाकडे पळतो, तसे ते ट्यूबलाइटखाली जाऊन उभे राहिले आणि सवयीने त्यांनी एक डिमसम उचलून उजेडात धरला.

नितळ होता. आतली गुलाबी कोळंबी, बांबूच्या कोंबाचा तुकडा, कोळंबीच्या पाठीवरची रेघ, सगळं पारीतून स्वच्छ दिसत होतं. त्यांनी दुसरा उचलला. नितळ. तिसरा, तोही. ताटलीतला एकही धुरकट नव्हता. घाईने त्यांनी गॅसवरच्या करंडीचं झाकण काढलं. तिच्यातले दुधी होते. ते ओट्यावर ठेवून काका बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत वाफ विरली तशा पाऱ्या हळूहळू स्वच्छ होत गेल्या. कुणी काही केलं नाही. नुसतं जरा निवू द्यायचं होतं. एवढे दिवस ते ज्याला ज्याला नापास म्हणत होते ते सगळं समोरच्या बाईंच्या दारात पोचेपर्यंत पास होत होतं, आणि बाईंची नजर शाबूत होती.

"अगं!" ते ताटली घेऊन बाहेर धावले. "अगं, पास आहेत! सगळे पास आहेत!"

मुलगी दाराशी वाकून चपलेचा पट्टा लावत होती. पर्स खांद्याला होती. ती सरळ झाली आणि तिने ताटलीकडे नाही, बापाकडे पाहिलं.

"नीट बघून घेतलंत ना?" ती म्हणाली. "मग बरं झालं. निघतो आम्ही."

"येते" म्हणाली नाही. जावई मात्र म्हणाला. "येतो काका," असं म्हणून तो वाकला, त्याचा पडलेला खांदा आणखी खाली गेला आणि मग दोघं जिना उतरली. काकू त्यांच्याबरोबर खालपर्यंत गेल्या. काका ताटली हातात धरून दारात उभे राहिले. समोरच्या बाईंनी शिलाई मशीन थांबवून दार किलकिलं केलं, काकांचा चेहरा पाहिला आणि हळूच लावून घेतलं.

काकू वर आल्या त्या डोळे पुसूनच आल्या. त्यांनी काकांच्या हातातली ताटली घेतली, टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी एक डिमसम उचलून तोंडात घातला. दोनदा चावला आणि त्या थांबल्या.

"काय झालं?" काकांनी विचारलं. "नितळ आहे की. बघ ना तू, उजेडात धरून बघ."

"मीठ नाहीये," काकू म्हणाल्या.

"काय?"

"मीठ घालायला विसरलात. सारणात मिठाचा कण नाही."

काकांनी एक उचलला. उजेडात धरायला हात वर गेला होता, तो त्यांनी खाली आणला आणि डिमसम तोंडात घातला. इतक्या दिवसांत त्यांनी खाल्लेला हा पहिला. कोळंबी कुरकुरीत होती, पारी मऊ होती, आणि चव म्हणाल तर उकळून निवलेल्या पाण्याची. त्यांना तो गिळवेना. कसाबसा गिळून ते म्हणाले, "पण ती तर छान झालेत म्हणाली."

"हो."

"एकच खाल्ला असेल."

"दोन खाल्ले," काकू म्हणाल्या. "दुसरा मागून घेतला. जावई मिठाच्या बरणीकडे हात नेत होते, तर तिने डोळ्यांनी नको म्हटलं त्यांना."